चोर नव्हे, हमाल: नागपुरातल्या एका गोल्डन रिट्रीव्हरचं प्रकरण

पार्श्वभूमी

घर त्रिमूर्तीनगरच्या बाजूचं. तळमजला अधिक एक, पुढे लोखंडी फाटक, अंगणात आंब्याचं एक झाड, गच्चीवर पाण्याची काळी टाकी. घरात पाच माणसं: वीजखात्यातून निवृत्त झालेले आजोबा, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आजी, मिहान या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा समीर, शाळेत शिकवणारी अनघा आणि पाचवीतली ओवी. माणसांची आणि कुत्र्याची नावं बदलली आहेत. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

कुत्रा घ्यायचं ठरलं तेव्हा घरात दोन मागण्या होत्या आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ओवीला गळ्यात पडणारं, मऊ केसांचं कुत्रं हवं होतं. आजोबांना राखणदार हवा होता, कारण मागच्या गल्लीत घरफोडी झाली होती. समीरने मोबाइलवर व्हिडिओ पाहिले आणि गोल्डन रिट्रीव्हर ठरवला. मुलांशी चांगला, हुशार, चणीने मोठा. मोठा म्हणजे भुंकेल, भुंकेल म्हणजे राखण करेल, असा हिशेब. गोल्डन चोराला तिजोरी दाखवेल आणि वर बॅटरीही आणून देईल, असं कुत्र्यांच्या वागणुकीवर काम करणारे आम्ही लोक गमतीने म्हणतो.

पिल्लू दसऱ्याच्या सुमारास आलं. घरीच पैदास करणाऱ्या एकाने दिलं. ‘विदाउट पेपर, पण हेवी बोन’, म्हणजे वंशाची कागदपत्रं नाहीत पण हाड दणकट, असं सांगून. वय पंचेचाळीस दिवस. केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान पैदास नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, पण हे ना घेणाऱ्याने विचारलं, ना देणाऱ्याने सांगितलं. पिल्लाची आई दाखवली नाही. सोबत कॅल्शियमची एक बाटली मात्र आठवणीने दिली.

आजोबांनी नाव ठेवलं शेरू.

समस्या

मार्चच्या शेवटी अनघाचा फोन आला तेव्हा शेरू सात महिन्यांचा होता, वजन पंचवीस किलोच्या पुढे गेलेलं. तिचं पहिलं वाक्य होतं, “ताई, आमचा कुत्रा चोर निघाला, आणि आता अंगावर पण येतो.”

चप्पल, रिमोट, मोजे, ओवीची कंपासपेटी, आजींची जपमाळेची पिशवी. हाताला लागेल ते शेरू उचलायचा आणि घरभर मिरवायचा. लहान होता तेव्हा सगळे हसले, फोटो काढले. मोठा झाला तसं सगळे मागे धावायला लागले. फोनच्या काही दिवस आधी आजोबांनी त्याचा जबडा उघडून चष्म्याची डबी ओढून काढली आणि बोटावर दात लागला. खरचटलं, रक्ताचा थेंब आला. शेरूला रेबीजची लस झालेली होती, तरी समीर त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला आणि डॉक्टरांनी लस सुरू केली. या घरात वेळेवर झालेला पहिला बरोबर निर्णय हाच. असा दात लागल्यावर लस घ्यायची की नाही हे डॉक्टरने सांगायचं असतं. ‘आपलाच तर कुत्रा आहे’ म्हणून घरी बसायचं नसतं.

मी गेले तेव्हा काय चाललंय ते पाहायला फार थांबावं लागलं नाही. शेरूने सोफ्यावरची तीच डबी उचलली. त्या क्षणी तो कसा होता हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. डबी तोंडात पुढच्या बाजूला, ओठांत धरल्यासारखी. शेपटी सैल, मागचं अंग अर्धं हलतंय. तो आधी माझ्याकडे आला, मग ओवीकडे, मग टीपॉयला एक चक्कर. दाखवत फिरत होता. तेवढ्यात आजोबा उठले. “सोड! सोड म्हणून राहिलो ना बे!” शेरू डायनिंग टेबलाखाली गेला. अंग ताठ झालं, मान डबीवर खाली आली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला. आजोबांनी वर्तमानपत्राची गुंडाळी हातात घेतली आणि टेबलाखालून गुरगुर आली.

मी आजोबांना बसायला सांगितलं. सगळे गप्प बसून राहिलो, आणि थोड्या वेळाने शेरू डबी तिथेच टाकून पाणी प्यायला गेला. मी डबी उचलून पाहिली. ओली होती. रेक्झिनचं कव्हर होतं, त्यावर नखानेही ओरखडा उठेल असं. त्याच्यावर दाताची एक खूण नव्हती.

“काका, हे चावण्याचं काम नाही,” मी म्हटलं.

“मग कायचं आहे?”

ही जात कशासाठी घडली

आजोबांना कुत्र्याच्या ‘स्वभावा’त रस नव्हता, पण इतिहास सांगितला की ते ऐकतात असं अनघाने आधीच कानात सांगितलं होतं.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, इनव्हर्नेसजवळच्या गिसाखन इथे डडली मार्जोरिबँक्स नावाचे श्रीमंत जमीनदार होते. पुढे ते लॉर्ड ट्वीडमथ झाले. त्या काळात बंदुका सुधारल्या होत्या, पक्षी लांबवर पडायचे, तळ्यात, दलदलीत, काटेरी झुडपांत. शोधून आणणारा कुत्रा हवा होता. नुसता आणणारा नाही. मालकाच्या हातात देईपर्यंत पक्ष्याचं मांस न चुरगळणारा. ट्वीडमथ यांनी १८६५ मध्ये ‘नूस’ नावाचा पिवळ्या रंगाचा, लाटदार केसांचा कुत्रा घेतला आणि १८६८ मध्ये ‘बेल’ या ट्वीड वॉटर स्पॅनियल मादीशी त्याचा जोड लावला. त्या पिवळ्या पिल्लांपासून गोल्डनचा वंश सुरू झाला. बरीच वर्षं लोक मानत होते की ही जात रशियन सर्कशीतल्या कुत्र्यांपासून आली. ट्वीडमथ यांच्या पैदाशीच्या नोंदी १९५२ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि ती गोष्ट मागे पडली. लॅब्रॅडॉर हा चुलतभाऊ. त्याचं मूळ न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर काम करणाऱ्या कुत्र्यांत, पण काम तेच: उचल आणि आण.

म्हणजे दीडशे वर्षं माणसाने निवडून निवडून असा कुत्रा घडवला की ज्याच्या तोंडात काहीतरी असल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, आणि जे तोंडात आहे ते माणसाला दाखवल्याशिवाय समाधान होत नाही. ते काम त्याला दिलं नाही तर तो स्वतः शोधतो. त्रिमूर्तीनगरात बदकं पडत नाहीत. चष्म्याची डबी पडलेली असते.

आजोबा बराच वेळ डबी हातात फिरवत बसले. मग म्हणाले, “म्हणजे हा चोर नाही बाप्पा. हमाल आहे.”

मला यापेक्षा नेमकं वर्णन सुचलं नसतं. मात्र गुरगुर त्या १८६८ च्या वंशातून आलेली नव्हती. ती या घरात तयार झाली होती. वस्तू उचलली की माणसं धावत येतात, हे शेरूला आधी खेळ वाटलं. मग पकडून जबडा उघडायला लागले, तेव्हा त्याला कळलं की तोंडातलं हिसकावलं जातं, राखायला हवं. यातली पुढची पायरी लोकांना माहीत नसते आणि तीच जास्त धोक्याची आहे. हिसकावून घेण्याची सवय लागलेल्या घरात काही कुत्री वस्तू गिळायला लागतात, कारण गिळलेली वस्तू कुणी काढून घेऊ शकत नाही. मोजा आतड्यात अडकला की पोट उघडावं लागतं.

समोर आलेले पर्याय

पहिला पर्याय काटोलचा. अनघाच्या माहेरची तिकडे संत्र्याची बाग आहे. आजींचं स्पष्ट मत होतं: “देऊन टाका तिकडे. मोकळा राहील, आपल्यालाही सुटका.” त्यांचा राग मला समजत होता. शेरू दोनदा अंगावर उडी मारून आला होता, आणि नव्या गुडघ्यावर पंचवीस किलो आदळणं ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. पण बागेतलं ‘मोकळा’ म्हणजे प्रत्यक्षात काय, हे मी अनघाला भावाला विचारायला लावलं. उत्तर आलं: दिवसा मोटारीच्या खोलीशी बांधू, रात्री सोडू. बागेत फवारणी चालते. गोचीड असतात. आणि हा कुत्रा माणसाच्या मागे मागे फिरण्यासाठी घडलेला. शिकारीत तो मालकाच्या पायाशी बसून राहायचा, गोळी सुटल्यावर निघायचा आणि परत पायाशीच यायचा. साखळीला एकटा बांधून ठेवायला यापेक्षा वाईट कुत्रा शोधून सापडणार नाही.

दुसरा पर्याय निवासी प्रशिक्षणाचा. एका माणसाने ‘दोन महिने ठेवून घेतो, सरळ करून देतो’ असं सांगितलं होतं. चोक चेन म्हणजे गळा आवळणारी साखळी, आणि सिट, स्टे, हील हे हुकूम. समीर याच्या बाजूने होता, पैसे द्यायची तयारीही होती. मी विरोध केला. शेरूला ‘बस’ येत होतंच. भांडण शेरू आणि आजोबा यांच्यात, त्या टेबलाखाली होतं, आणि आजोबा काही प्रशिक्षणाला जाणार नव्हते. शिवाय गुरगुरण्याबद्दल मार दिला तर कुत्रा गुरगुरणं बंद करतो, भीती मात्र राहते. मग तो न सांगता चावतो. शेरू गुरगुरत होता ही त्यातल्या त्यात चांगली बातमी होती.

तिसरा, नसबंदी. शेजारच्या काकूंचा सल्ला. घाई करू नये असं मी सुचवलं आणि पशुवैद्यांनीही तेच सांगितलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ७५९ गोल्डनच्या नोंदी तपासल्या, तेव्हा वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांत खुब्याच्या सांध्याचा दोष न झालेल्यांच्या दुप्पट आढळला होता. मोठ्या चणीच्या कुत्र्याची हाडं वाढत असताना हा विचार करावाच लागतो. वस्तू राखण्याची सवय नसबंदीने जाते असंही नाही.

पोर्चमध्ये बांधून ठेवायचं, हा चौथा. नागपुरात एप्रिल तोंडावर असताना यावर फार बोलावं लागलं नाही.

उरला घरीच काम करण्याचा पर्याय. तो सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कटकटीचा, कारण त्यात पाचही माणसांना आपलं वागणं बदलावं लागतं. आजोबांनी मुदत घातली: “पावसाळ्यापर्यंत पाहू. नाही जमलं तर काटोल.” मुदत असणं मला बरंच वाटलं. मुदत नसली की घरं महिनोन्‌महिने कुरकुरत राहतात आणि मग एका रात्रीत कुत्रा देऊन टाकतात.

काय केलं

आधी तपासणी. अचानक चिडका झालेला कुत्रा कुठेतरी दुखत असू शकतो, म्हणून सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं. एका कानात संसर्ग निघाला; लोंबत्या कानांच्या जातींना हा त्रास नेहमीचा. बोटांच्या बेचक्यात गोचीड होते, पण गोचीडतापात घटतात त्या रक्तातल्या प्लेटलेट ठीक होत्या. कॅल्शियमची बाटली तिथेच बंद झाली. तयार, समतोल खाद्य खाणाऱ्या मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून कॅल्शियम दिलं तर हाडं बळकट होत नाहीत, त्यांची वाढ बिघडते. आपल्याकडे पिल्लाबरोबर ही बाटली जवळपास प्रसादासारखी मिळते.

मग अदलाबदल. शेरूच्या तोंडात काहीही असलं तरी कुणी उठायचं नाही, हा पहिला नियम. बसल्या जागेवरून ‘दे’ म्हणायचं, हात उघडा पुढे करायचा आणि वस्तू सुटली की पनीरचा बोटाच्या पेराएवढा तुकडा द्यायचा. तोवर घरात ‘सोड’, ‘छोड’, ‘ड्रॉप’, ‘ला इकडे’ असे चार हुकूम चालत होते आणि शेरूच्या दृष्टीने चारही म्हणजे आरडाओरडा होता. ‘दे’ एवढंच ठेवलं. आणि जिथे सगळ्यांचं अडलं ती गोष्ट पुढची: वस्तू बिनधोक्याची असेल तर ती घेऊन झाल्यावर शेरूला परत द्यायची. आजोबांना हे पटेना. “चोराला बक्षीस, वर माल पण परत?” पण देणं म्हणजे गमावणं नव्हे, हे कुत्र्याला असंच कळतं. दहा वेळा दिलं आणि नऊ वेळा परत मिळालं की अकराव्या वेळी तो टेबलाखाली जात नाही.

सुरुवात डबीपासून केली नाही. ज्याच्यावर भांडण नव्हतं अशा जुन्या दोरीपासून केली, मग चप्पल, मग मोजा. डबीपर्यंत यायला एप्रिलचा मध्य उजाडला. एकदा ओवीच्या मावसभावाने हसत हसत तोंडातून बॉल ओढला आणि शेरू पुन्हा टेबलाखाली गेला. पाहुण्यांना आधी सांगायचं, हा नियम त्यानंतर आला.

आणि हमालाला हमाली दिली. मला या प्रकरणातला हा भाग सगळ्यात आवडतो. आजोबा पहाटे पाचला उठतात, वर्तमानपत्र येईपर्यंत चुळबुळत असतात. जुन्या अंकाची गुंडाळी करून तिला रबर लावलं आणि दोन पावलांवरून शेरूला आणायला शिकवलं. मग खोलीच्या टोकावरून, मग दारातून, मग फाटकापासून. ज्या गुंडाळीने त्याला मारायचे तीच आता तो आणून द्यायचा, हे मी मुद्दाम बोलून दाखवलं नाही. आजोबांच्या लक्षात आलं असावं, कारण एके दिवशी ते स्वतःशीच हसले. पेपर कोपऱ्यावर ओला यायचा. “मुख्य बातमी कोरडी आहे,” हे त्यांचं त्यावर मत. संध्याकाळी भाजीवाल्यापासून घरापर्यंत रिकामी कापडी पिशवी शेरूच्या तोंडात असायची, आणि अंगणात ओवी कापडी डमी, म्हणजे पक्ष्याऐवजी वापरायची गुंडाळी, लपवून त्याला वासाने शोधायला लावायची. वासाने शोधण्यात हा कुत्रा धावण्यापेक्षा जास्त दमतो, आणि उन्हाळ्यात ते फार सोयीचं पडतं.

आजींच्या बाबतीत मी प्रशिक्षणावर भिस्त ठेवली नाही. स्वयंपाकघराच्या दाराला कमरेएवढं फाटक बसवलं. आजी चालत असतील तेव्हा शेरू पट्ट्यावर. चारही पाय जमिनीवर असतील तरच कुणी हात लावायचा. वाढत्या वयाचा गोल्डन दीड-दोन वर्षांचा होईपर्यंत अंगाने मोठा आणि डोक्याने पोरगाच असतो, आणि गुडघा तोवर थांबत नाही.

उन्हाळा

एप्रिलमध्ये केस गळायला लागले तसा ग्रूमरने सल्ला दिला, झिरो करून टाका. घरात सगळ्यांना पटलं होतं. माणूस उन्हाळ्यात केस बारीक करतो, मग कुत्र्याचे का नाहीत? गोल्डनला दोन थर असतात, वर लांब, पाणी झटकणारे केस आणि खाली दाट मऊ लोकर. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांच्या गादीवर थोडा येतो. त्यामुळे केस काढून घामाला वाट करून देण्याचा प्रश्नच नाही. उलट कातडी सरळ उन्हात येते, आणि दोन थरांचे केस कधी कधी पुन्हा विचित्र, ठिगळासारखे उगवतात. मार्ग मधला काढला. रोज ब्रशने खालची मेलेली लोकर काढायची, पायाच्या बेचक्यातले आणि पोटाखालचे केस तेवढे छाटायचे. पहिल्या आठवड्यात निघालेली लोकर पाहून आजी म्हणाल्या, “यात तर अजून एक कुत्रा होते.”

कुत्रा थंड होतो तो धापांनी, तोंडातली ओल हवेत उडवून, म्हणजे आपल्या कूलरसारखाच. एप्रिल-मेच्या कोरड्या नागपुरात दोघंही चांगले चालतात. जूनमध्ये पाऊस पडायच्या आधी हवेत दमटपणा येतो तेव्हा कूलर नुसता ओला वारा फेकतो आणि कुत्र्याची धापही तशीच वाया जाते. पारा उतरलेला असतो म्हणून लोक बेसावध राहतात. मी जूनला मेपेक्षा जास्त भिते.

पण शेरूवर वेळ आली ती मेच्या शेवटी, नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत. दुपारी वीज गेली होती. पाचच्या सुमारास ऊन उतरलं असं समजून ओवी आणि मावसभाऊ त्याला गच्चीवर घेऊन गेले आणि बॉल टाकायला लागले. ऊन उतरलं होतं, स्लॅब उतरला नव्हता. शेरू बॉल आणत राहिला. हाच या जातीचा फास आहे: आणून देण्याची जी ओढ त्याला कामाचा बनवते, तीच त्याला ‘आता पुरे’ म्हणू देत नाही. थांबायचं माणसाने असतं.

ओवी रडत खाली आली तेव्हा तो पाय फाकवून उभा होता, जीभ विटेसारखी लाल आणि बाहेर रुंद पसरलेली, लाळ दोरीसारखी चिकट. अनघाने त्याला खाली आणून अंगणातल्या नळाखाली धरलं. पाणी गच्चीच्या टाकीतलं, मेमध्ये त्या वेळी हात भाजेल असं. ते ओळखलं आजींनी. स्वयंपाकघराच्या फाटकाआडून त्या ओरडल्या, “नळाचं नको! माठातलं घ्या!” दोन माठ आणि न्हाणीतला सकाळचा भरलेला ड्रम त्याच्यावर रिकामा झाला. मान, पोट, जांघा. आजोबांनी पुठ्ठ्याने वारा घातला. समीरने ओला टॉवेल गुंडाळला होता, तो मी फोनवर सांगून काढायला लावला. गुंडाळलेला टॉवेल थोड्याच वेळात गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. मग गाडीचा एसी पूर्ण करून दवाखाना.

आधी पाणी, मग गाडी, हा क्रम या घराने अंदाजाने का होईना बरोबर ठेवला. बरेच लोक घाबरून तसाच तापलेला कुत्रा गाडीत घालतात. दवाखान्यात ताप १०५ अंश फॅरनहाइट भरला. निरोगी कुत्र्याचा साधारण १०१ ते १०२.५ असतो. सलाइन लागलं, रात्री घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी मूत्रपिंडाच्या आणि रक्त गोठण्याच्या तपासण्या पुन्हा केल्या, कारण उष्माघाताचं नुकसान एक-दोन दिवसांनी वर येऊ शकतं. तपासण्या ठीक आल्या.

त्यानंतर फिरणं पहाटे साडेचारला आणि रात्री दहानंतर. डांबरावर हाताची मागची बाजू ठेवून ती सहज टेकत असेल तरच बाहेर. ओवीने विचारलं, फुटाळ्यावर पोहायला नेऊ का? रिट्रीव्हरला पाण्याचं वेड असतं हे खरं, पण शहराच्या तलावात काय वाहून येतं ते आपल्याला माहीत आहे, आणि लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची लस त्याच्या सगळ्या प्रकारांपासून वाचवत नाही. आंब्याखाली प्लास्टिकचा मोठा टब ठेवला. शेरू त्यात बसतो, आणि चप्पल घेऊन बसतो.

परिणाम

पावसाळ्याची मुदत आली आणि काटोलचा विषय कुणी काढला नाही. एवढं झालं.

घरातल्या वस्तूंवरून गुरगुरणं थांबलं. डबी आता तो आजोबांच्या मांडीवर आणून ठेवतो, कधी कधी आजोबांनी शोधायच्या आधीच. रस्त्यावर उचललेल्या हाडावरून मात्र अजून गुरगुरतो. तिथे पनीर कमी पडतं, उकडलेलं अंडं लागतं, आणि हाड दिसायच्या आधी पट्टा आखडणं हाच खरा उपाय आहे. पाहुण्यांवर उड्या कमी झाल्या, थांबल्या नाहीत. स्वयंपाकघराचं फाटक काढायचं का, असं समीरने विचारलं, मी नाही म्हटलं. जुलैमध्ये ओल्या केसांखाली कातडीला चट्टा पडला, कान पुन्हा आला. आता पावसात फिरून आल्यावर कान आणि काख कोरडी करणं हे ओवीचं काम आहे.

राखणदार मिळाला नाही. कुरिअरवाल्याला शेरू चप्पल नेऊन देतो. आजोबांनी फाटकावर कॅमेरा बसवून घेतला.

आजींचं त्याच्यावर प्रेम जडलं वगैरे काही झालं नाही. त्या त्याला अजून ‘हे ध्यान’ म्हणतात. मेपासून माठ मात्र तीन भरले जातात.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त जागा पिल्लू घेण्याच्या आधीची होती. ‘गोल्डन चांगला का?’ या प्रश्नाला अर्थ नाही, कशासाठी चांगला हे विचारायला हवं होतं. राखण, एकट्याने अंगणात राहणं, कमी केस, यांपैकी एकही गोष्ट ही जात देत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं माणूस घरात असताना मी मोठा कुत्रा सुचवलाच नसता, किंवा तीन-चार वर्षांचा, उड्या संपलेला कुत्रा दत्तक घ्यायला सांगितलं असतं. आजींना विचारून हा निर्णय झालेला नव्हता, आणि कुत्रा दिवसभर त्यांच्याबरोबर राहणार होता.

पिल्लाची आई पाहायचा हट्ट धरायला हवा होता. ती दाखवत नसतील तर उठून यायचं. आठ आठवड्यांच्या आत आलेलं पिल्लू भावंडांशी खेळताना चावा किती जोरात ते शिकण्याचे दिवस गमावतं. पैदास करणाऱ्याकडे नर-मादीच्या खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे मागता येतात. शेरूच्या आईबापांचे ते असण्याची शक्यता नाही, म्हणून त्याचाच एक्स-रे दोन वर्षांचा झाल्यावर काढायचा आहे. तोवर जिन्यावर आणि गच्चीवर उड्या बंद, वजन आटोक्यात. इथे समीर आणि माझं अजून जमत नाही: त्याला शेरू ‘भरलेला’ आवडतो, मला बरगडी हाताला लागायला हवी.

चौथ्या महिन्यात, जेव्हा सगळे फोटो काढत होते, तेव्हाच ‘दे’ शिकवलं असतं तर टेबलाखालचं प्रकरण बहुधा झालं नसतं. त्या वयात आठवडाभराचं काम होतं.

आणि गच्चीचा दिवस. मुलांना कुत्र्याबरोबर एकटं सोडलं यात नवल नाही, सगळेच सोडतात. पण नागपुरात मे महिन्यात बॉल कपाटात कुलपात असावा आणि किल्ली मोठ्या माणसाकडे. आता ती आजोबांच्या चष्म्याच्या डबीत असते.